पाडव्याच्या ताटातला दाखला

आज आपण बोलणार आहोत घरावरच्या कर्जाबद्दल. ते मुदतीआधी कसं फेडायचं, फेडल्यावर कुठले कागद हातात घ्यायचे, आणि नवऱ्याला न सांगता फेडलं तर काय होतं, याबद्दल. शेवटचा प्रश्न ऐकून हसू नका. आमच्या गटातल्या एका ताईने हे खरंच केलं. नाव सांगायचं नाही, एवढ्या अटीवर तिने आम्हाला ही गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे.

ताईचा नवरा मालट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. दोघांनी घर बांधायला पाच लाखांचं कर्ज घेतलं, पंधरा वर्षांच्या मुदतीचं. घर नवऱ्याच्या नावावर आणि ताई सहकर्जदार. नवरा सतत बाहेर, म्हणून बँकेत मोबाईल नंबर दिला ताईचा. हप्ता भरायला, पासबुक भरून आणायला तीच जायची.

सात वर्षं झाल्यावर तिने एकदा सहज विचारलं, "आता किती राहिले?" उत्तर ऐकून ती तिथेच बाकावर बसली. सव्वाचार लाखांच्या वर पैसे भरून झाले होते आणि अजून जवळजवळ साडेतीन लाख बाकी होते. तिला वाटलं, बँकेने फसवलं. ती पासबुक घेऊन गटाच्या बैठकीत आली आणि आम्ही सगळ्या हिशोबाला बसलो.

फसवणूक नव्हती. हप्त्याचं गणितच तसं असतं. समजायला सोपं जावं म्हणून व्याजदर कायम ९ टक्के धरू. पाच लाख, पंधरा वर्षं, तर महिन्याचा हप्ता येतो ५,०७१ रुपये. पहिल्या महिन्यात पाच लाखांवरचं व्याजच होतं ३,७५० रुपये. म्हणजे ५,०७१ भरले तरी मुद्दलात जातात फक्त १,३२१. व्याज नेहमी शिल्लक मुद्दलावर लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं. जसजसं मुद्दल कमी होतं, तसतसा हप्त्यातला व्याजाचा वाटा घटतो. म्हणूनच सात वर्षांत ४,२५,००० च्या वर भरूनही ३,४६,००० शिल्लक दिसतात.

यातच वाटही दिसते. हप्त्याशिवाय जे वरचे पैसे तुम्ही भरता, ते थेट मुद्दलात जातात. त्या पैशांवरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. आणि जितक्या लवकर भराल, तितकं जास्त वाचतं.

मात्र वरचे पैसे भरताना बँकेला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते, आणि ती लेखी द्यावी लागते: "हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा." याने किती फरक पडतो बघा. याच कर्जात तीन वर्षांनंतर ५०,००० रुपये एकदम भरले आणि मुदत कमी करून घेतली, तर साधारण २६ हप्ते कमी होतात आणि ८३,००० च्या आसपास व्याज वाचतं. तेच ५०,००० भरून हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता ५६९ रुपयांनी उतरतो, पण शेवटपर्यंत व्याज वाचतं सुमारे ३२,०००. घरात महिन्याची ओढाताण असेल तर हप्ता कमी करणंही शहाणपणाचं आहे. पण निवड आपण समजून करायची.

आणखी एक भीती अनेकींना असते: लवकर फेडलं तर बँक दंड लावेल का? एखाद्या व्यक्तीने बदलत्या व्याजदराचं घरकर्ज घेतलं असेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तसा आदेश दिला आहे. व्याजदर ठरावीक काळासाठी पक्का बांधलेला असेल, तर करारातली अट आधी वाचून घ्या. आणि व्याजदर वाढला की बँका बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. आपल्याला कळतही नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी कर्जखात्याचा उतारा मागा आणि किती हप्ते उरले ते बघा.

ताईने हे सगळं ऐकलं आणि मनाशी ठरवलं. शिवणकाम होतं, चार शेळ्या होत्या. वर्षातून दोनदा, सहा महिन्यांनी, पंचवीस-पंचवीस हजार वर भरायचे. नवऱ्याला काही सांगायचं नाही. आम्ही विचारलं, का नाही सांगायचं? म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठी आयुष्यभर दिवसरात्र गाडी चालवली. एकदा तरी त्यांना काही आयतं मिळू दे."

साडेतीन वर्षं तिने हे चालवलं. सहा वेळा पंचवीस हजार आणि दिवाळीच्या आधी शेवटचे साडेअठ्ठेचाळीस हजार. वरून भरलेले एकूण १,९८,५०० रुपये. त्यातून ५४ हप्ते वाचले. ५४ हप्ते म्हणजे २,७३,८०० च्या वर. निव्वळ फायदा ७५,००० रुपयांचा, आणि साडेचार वर्षं आधी घर मोकळं.

दिवाळी पाडव्याला तिने नवऱ्याला ओवाळलं. ताटात निरांजन, सुपारी, आणि घडी घातलेला बँकेचा बेबाकी दाखला. "अहो, आज ओवाळणी मी घालते. उघडा." त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले. मग तो एकदम गप्प झाला, उठून ओट्यावर जाऊन बसला.

रात्री त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात मालकाने नुकसानीचे पैसे त्याच्याकडून भरून घेतले होते. त्यासाठी त्याने ओळखीच्या एकाकडून ६०,००० रुपये हातउसने घेतले होते, शेकडा तीनने. घरी सांगायची लाज वाटली. दर महिन्याला १,८०० रुपये व्याज तो भत्त्यातून देत होता. दोन वर्षांत ४३,२०० रुपये गेले आणि ६०,००० जिथल्या तिथे.

मैत्रिणींनो, आता हा हिशोब करा. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन, वर्षाला ३६ टक्के. ताई जे कर्ज फेडत होती ते होतं वर्षाला ९ टक्क्यांचं. बँकेत भरलेल्या ६०,००० मुळे महिन्याला वाचत होते ४५० रुपये. तेच ६०,००० हातउसन्यात दिले असते, तर महिन्याला १,८०० वाचले असते. एकाच घरात एक जण स्वस्त कर्ज घाईने फेडत होती आणि दुसरा महाग कर्ज लपवून ओढत होता. तिने आनंदासाठी लपवलं, त्याने लाजेसाठी लपवलं. नुकसान दोघांचं झालं.

म्हणून आमच्या गटाने त्या दिवसापासून एक नियम केला. आश्चर्याचा धक्का द्यायचा तर शेवटच्या हप्त्याचा द्या. पण कुठलं कर्ज आधी फेडायचं, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवा.

क्रम साधा आहे. सगळी कर्जं वर्षाच्या टक्क्यांत मांडा आणि सर्वांत महाग ते आधी फेडा. सहसा वर येतं हातउसनं आणि सावकाराचं, त्याच्या खाली छोट्या कर्जाच्या कंपन्यांचं, मग सोनेतारण, आणि घरकर्ज बहुतेक वेळा सर्वांत खाली. आपल्या गटाचं अंतर्गत कर्जही या यादीत लिहा. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा एक म्हणजे १२. गटातून शेकडा दोनने पैसे उचलून ९ टक्क्यांचं घरकर्ज फेडणं म्हणजे स्वस्त कर्ज मोडून महाग कर्ज घेणं. ते व्याज गटातच फिरतं हे खरं, पण देणार तुम्हीच आहात. पीककर्जाचे पैसेही इकडे वळवू नका. ते वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. आणि घरात किमान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय वरचे पैसे भरू नका. बँकेत भरलेले पैसे दवाखान्याच्या वेळी परत मागता येत नाहीत.

आता कागदांकडे वळू. पैसे फिटले म्हणजे काम संपलं असं समजू नका. इथेच अनेकींचं अडतं.

पहिलं, शेवटचे पैसे भरण्याआधी, अमुक तारखेला पूर्ण फेडीसाठी किती रक्कम लागेल, हे बँकेकडून लेखी घ्या. व्याज रोजचं चढतं, त्यामुळे तारीख महत्त्वाची. पन्नास रुपये राहून गेले तरी खातं उघडं राहतं.

दुसरं, पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्या. त्यावर कर्जखात्याचा नंबर, दोघांची नावं आणि खातं बंद झाल्याची तारीख हवी.

तिसरं, घराचे मूळ कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे, आणि तो सहकारी बँकांना व घरकर्जाच्या कंपन्यांनाही आहे. कागद बँकेकडून हरवले, तर नक्कल मिळवून देण्याचा खर्चही बँकेचा. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी असेल तर ती घेऊन जा आणि एकेक कागद ताडून घ्या. ताईला इथेच अडलं. दाखला तिला मिळाला, पण कागद द्यायला बँकेने घरमालकाची, म्हणजे नवऱ्याची, सही मागितली. गुपित तसंही तिथेच फुटलं असतं!

चौथं, खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी रद्द करा. सहीचे कोरे चेक दिले असतील तर ते परत मागा.

पाचवं, बोजा उतरवा. घर शेतातल्या जमिनीवर असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचं नाव असतं. ते आपोआप जात नाही. बेबाकी दाखला आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे जा, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाईन अर्ज करा. फेरफार मंजूर झाल्यावर नवीन सातबारा काढून बघा. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर किंवा मिळकत पत्रिकेवर नोंद आहे का ते तपासा. दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोंद केली असेल, तर ती कमी करण्याचे कागदही बँकेकडून मागा. हे राहून गेलं की दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी किंवा नवीन कर्ज घेताना जुना बोजा पुढे येतो.

सहावं, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. घर मोकळं झालं, पण ते कुणाच्या नावावर आहे? नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लागू शकतं. नवऱ्याच्या संमतीने ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा असतो. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. पक्कं करायचं असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राचा मार्ग आहे. पती-पत्नीमध्ये राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते. शेतजमिनीचं म्हणाल, तर १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायका लाखांनी जमल्या होत्या. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावावर जमीन केली. पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. हे मागणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. ज्या घराचे हप्ते दोघांच्या घामातून गेले, त्याच्या कागदावर दोघांचं नाव असावं, एवढंच त्यात आहे.

ताईचं पुढे काय झालं? घराचा हप्ता आता नव्हता. ते ५,०७१ रुपये दोघं मिळून दर महिन्याला हातउसन्यात भरू लागले, वर शेळ्यांचे पैसे. दहा महिन्यांच्या आत ६०,००० फिटले. आणि पुढच्या पाडव्याला तिने ओवाळलं तेव्हा त्याने ताटात एक कागद ठेवला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता. त्यावर दोन नावं होती.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक कोरं पान आणायचं. त्यावर घरातली सगळी कर्जं लिहायची: कुणाकडून, किती, वर्षाला किती टक्के, कुणाच्या नावावर, कशावर बोजा. पान घरी नेऊन नवऱ्याला दाखवायचं आणि विचारायचं, "यात काही राहिलंय का?" विचारताना आवाज चढवू नका. उत्तर यायला एखादा दिवस लागेल, लागू द्या. ते उत्तर आलं की मगच ठरवा, पहिले पैसे कुठे भरायचे.

तुमचे प्रश्न आम्हाला कळवा.