ग्रीस कुठे थांबवायचं

सकाळी ८. साखर कारखाना, डिसेंबर, गाळप भरात. मशीन चोवीस तास चालू, उघडून बघायची सोयच नाही. बेअरिंगची तब्येत बाहेरूनच ओळखायची. अल्ट्रासाऊंड मीटर आणि हेडफोन घेऊन निघतो.

९. बॉयलर हाऊस. इथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, तरी आयडी फॅनचं, म्हणजे बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याचं बेअरिंग स्वच्छ ऐकू येतं. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. मीटर 38 किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडून तो आपल्याला ऐकू येईल असा खाली आणतो. इतका बारीक आवाज लांब जात नाही, त्यामुळे बाजूच्या फॅनचा गोंगाट मध्ये येत नाही. चांगलं बेअरिंग एकसारखं सळसळतं. हे मात्र मधूनमधून टकटकतंय, आणि पहिल्या नोंदीपेक्षा 14 डेसिबल वर आहे. वंगण कमी पडलं तर साधारण 8 डेसिबल वाढतात. 12 च्या वर गेलं की झीज सुरू झाली असं आम्ही धरतो. प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर, अजून हाताला गारच लागतो. चटका बसेपर्यंत थांबलं, तर तयारीला वेळच उरत नाही.

११. पंपाची मोटर, बेअरिंग 6312, वाढ 9 डेसिबल. रंगाच्या ठिपक्यावरच, काटकोनात प्रोब टेकवतो. जागा हलली की आकड्याला अर्थ नाही. हिशेबाने याला 20 ग्रॅम ग्रीस लागतं. ऑइलमन मामा ग्रीसगनचा एक स्ट्रोक मारतात, आम्ही थांबतो. खरखर उतरते. आणखी एक, आणखी उतरते. मग आकडा जागेवर बसतो, आणि पुढच्या स्ट्रोकला किंचित चढतो.

“मामा, बास.”

“अजून निम्मं राहिलंय की, साहेब.”

“राहू दे. ते आता नुसतं घुसळणार आणि तापणार.”

तारखेवरून ग्रीस भरण्याची पद्धत मला पटत नाही. जादा ग्रीस वायंडिंगपर्यंत जातं आणि मोटरच जाते.

३. केन कॅरिअरचा हेड शाफ्ट. इतक्या मंद फेऱ्यांना डेसिबलवर विसंबत नाही. आवाज रेकॉर्ड करून त्याचा आलेख बघतो. खिळ्यासारखं टोक कुठेच नाही. पुढे.

५. आयडी फॅनसाठी स्टोअरला नवीन बेअरिंग काढून ठेवायला सांगितलं. बदली बॉयलर सफाईच्या बंदमध्ये. तोवर प्रत्येक पाळीत मोजणी, असं लॉगबुकात लिहून सही केली.