उपग्रहातून दिसणारा भीमाकाठ

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्याचा ऊस उपग्रहाच्या चित्रात लाल दिसतो, अन् भीमेचे पाणी काळे! हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवते. चित्रात त्यांनाच लाल रंग देतात. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सुटला. जमीन कुणाच्या नावावर, हे मात्र चित्र सांगत नाही. त्याला सातबाराच लागतो.

२०१४ साली सावित्रीमाईंचे नाव लाभलेल्या पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात ही विद्या शिकवतात. संगणकावर पीक ओळखले, तरी बांधावर जाऊन खात्री करावी लागते. ऊसतोड करणाऱ्या घरातील मुलामुलींना ते जड नाही, असे आम्हांस वाटते. बौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकहो, जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.