नकाशाला पुलावरचं पाणी दिसत नाही

आजचा विषय आहे मोबाइलमधला नकाशा. लग्नाला जायचं असो, पेशंटला दवाखान्यात न्यायचं असो की तालुक्याला बैठक असो, आता गाडीत बसलं की ड्रायव्हर आधी मोबाइल समोर लावतो. मग "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" असा आवाज येतो आणि गाडी वळते. मागच्या सीटवर बसलेल्या बाईला तो रस्ता माहीत असतो, पण तिला कुणी विचारत नाही आणि तीही गप्प बसते. या यंत्राला काय कळतं, काय कळत नाही आणि आपण कुठं बोलायचं, ते आज समजून घेऊ.

आधी हे चालतं कसं ते पाहू. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. कामावर असलेले असे किमान २४ उपग्रह पृथ्वीभोवती ठेवलेले असतात. त्यातल्या चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की आपण कुठं आहोत ते मोबाइल ठरवतो. उघड्या माळावर त्याचा अंदाज थोड्याच मीटरांनी चुकतो. यंत्रणा अमेरिकेची आहे, पण २००० सालापासून अचूक सिग्नल साऱ्या जगातल्या सामान्य लोकांना मिळतो. आपल्या देशाचीही 'नाविक' नावाची स्वतःची यंत्रणा आहे.

मोबाइल उपग्रहाचं फक्त ऐकतो, त्याला इंटरनेट लागत नाही. म्हणून बालाघाटाच्या डोंगरात रेंज गेली तरी आपला निळा ठिपका पुढं सरकत राहतो. रस्त्यांचं चित्र मात्र इंटरनेटवरून येतं. रेंज गेली की ठिपका दिसतो, पण त्याच्याखालचा रस्ता गायब होतो. यावर उपाय आहे. घरी नेट चांगलं असताना आपल्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतो. नकाशाच्या ॲपमध्ये 'ऑफलाइन नकाशे' नावाची सोय असते. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, थोड्या वेळात करून देईल.

आता नकाशाला काय कळत नाही ते पाहू. आपण कुठं आहोत हे उपग्रहामुळं कळतं, पण रस्ता आज कसा आहे हे उपग्रह सांगत नाही. मोठ्या रस्त्यावर शेकडो गाड्यांमधले मोबाइल सरकत असतात. त्यांचा वेग कमी झाला की पुढं कोंडी आहे हे नकाशाला समजतं. आपल्या वाडी-वस्तीच्या रस्त्यावर तासाभरात दोनच गाड्या गेल्या, तर नकाशाला काय समजणार? पूल पाण्याखाली गेला आणि कुणी ते कळवलं नाही, तर नकाशा तोच रस्ता दाखवत राहतो.

आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, हे घडलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून तिघं जण कळसूबाईला निघाले होते. अकोले तालुक्यात रात्रीच्या अंधारात नकाशानं दाखवलेल्या रस्त्यानं गाडी पुढं गेली. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं कसेबसे बाहेर आले, गाडी चालवणारा वाचला नाही. धरणात पाणी साठलं की तो पूल बुडतो, हे आजूबाजूच्या गावांना माहीत होतं. गाडीतल्या तिघांना माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, पण नकाशावर पूल शाबूत होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक बाई पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्यानं गेल्या आणि गाडी खाडीत पडली. सागरी पोलिसांनी त्यांना वाचवलं. नकाशा रस्ता वरून बघतो, त्यामुळं पुलावरचा रस्ता आणि पुलाखालचा रस्ता एकावर एक दिसतात. बीड-सोलापूर महामार्गावर उड्डाणपूल आणि त्याच्या बाजूचा सर्व्हिस रोड यांतही अशीच गफलत होऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात हा धोका पावसाळ्यात जास्त. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा आणि त्यांना मिळणारे ओढे एका रात्रीत वर येतात. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी अजून कुणी विसरलेलं नाही. कमी उंचीचे पूल आधी बुडतात. पाणी ओसरलं तरी पुलाच्या तोंडाचा भराव वाहून गेलेला असू शकतो. एक फूट पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. म्हणून पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी घालायचीच नाही, मोबाइल काहीही म्हणो.

दुसरी अडचण रस्त्याच्या जातीची. नकाशा जवळचा रस्ता शोधतो. तो डांबरी आहे की पाणंद, हे त्याला प्रत्येक वेळी कळतं असं नाही. उन्हाळ्यात ज्या गाडवाटेनं जीप जाते, तिथं पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की सकाळपर्यंत सुटका नाही. ॲपमध्ये मोटरसायकलचं चित्र निवडलेलं असेल, तर चारचाकी जाणार नाही अशी वाटही तो दाखवतो. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या आहेत, धारूरचा घाट अरुंद आणि वळणाचा आहे, हा हिशेब त्यात नाही.

तिसरी अडचण नावांची. नुसतं 'शिरूर' टाकलं तर शिरूर कासारऐवजी पुणे जिल्ह्यातलं शिरूर येऊ शकतं. 'आष्टी' आपल्याकडे आहे तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. पिंपळगाव, वडगाव तर किती सांगावीत. म्हणून गावापुढं तालुका आणि जिल्हा टाकायचा. निघण्याआधी एकूण किलोमीटर बघायचे. तासाभराच्या वाटेला तो पाच तास दाखवत असेल, तर गाव चुकलंय हे तिथंच कळतं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग नकाशा नकोच. तसं नाही. बाईमाणसाला त्याचा मोठा आधार आहे. एकटीनं संभाजीनगरला किंवा पुण्याला जायचं झालं, तर दर चौकात अनोळखी माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. रिक्षा भलत्याच रस्त्यानं निघाली तर लगेच कळतं. घरच्यांना आपलं लोकेशन पाठवता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी तर हे फारच कामाचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात. कोपी फडाजवळ असते. तिला घरनंबर नाही, गल्ली नाही. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि १०८ ला फोन लावला, तर पत्ता काय सांगणार? म्हणून कोपी उभी राहिली त्याच दिवशी तिथं उभं राहून लोकेशन घरी आणि टोळीतल्या दोघी-तिघींना पाठवून ठेवायचं. जवळचं गाव, तालुका, कारखान्याचं नाव आणि ठळक खूण कागदावर लिहून कोपीत लावायची. टोळी दुसऱ्या फडावर गेली की दोन्ही बदलायचं.

आता मागच्या सीटवरच्या बाईकडे येऊ. समजा, अडलेल्या बाईला रात्री अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे. गाडी भाड्याची, ड्रायव्हर दुसऱ्या तालुक्यातला. मोबाइल दहा मिनिटं वाचवणारा आडरस्ता दाखवतोय. त्या रस्त्याच्या ओढ्याला पाणी आहे हे सोबतच्या आशाताईला, सासूला, जावेला माहीत आहे. अशा वेळी "आपल्याला काय कळतं" म्हणून गप्प बसायचं नाही. "दादा, थांबा. ओढ्याला पाणी असेल. मोठ्या रस्त्यानं चला," असं स्पष्ट सांगायचं. पाणी कुठून येतं, कोणता पूल बुडतो, कुठं दरड पडते, हे रोज त्या वाटेनं चालणाऱ्या बाईला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

आपल्याला रस्ता माहीत नसेल तर विचारायचं, पण नीट विचारायचं. "हा रस्ता जातो का?" म्हटलं की माणसं "जातो की" म्हणतात. रस्ता जातोच, गाडी जाईल का हा प्रश्न आहे. म्हणून विचारा, "आज या रस्त्यानं कुणी चारचाकी घेऊन आलंय का?" दूधवाला, काळी-पिवळीवाला, एसटीचा कंडक्टर यांना हे नक्की माहीत असतं. रात्री विचारायला कुणी नसेल, तर लांबचा पण मोठा रस्ता धरायचा.

पुढच्या मासिक बैठकीत गटानं एक काम करावं. गावाला येणारे सगळे रस्ते वहीत काढा. कोणता पूल किती पावसात बुडतो आणि तेव्हा कोणत्या वाटेनं जायचं, ते प्रत्येकीला विचारून लिहा. हा कागद आशाताई, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीत लावा. गावातले गाडीवाले आणि गावाकडे येणारे पाहुणे यांच्या मोबाइलवर त्याचा फोटो पाठवा. बुडणाऱ्या पुलाच्या दोन्ही बाजूंना अंधारात चमकणारा फलक हवा, अशी लेखी मागणी ग्रामसभेत करा आणि ठरावाची प्रत घ्या. रस्ता बंद असेल किंवा चुकीचा दाखवला असेल, तर ते नकाशाच्या ॲपमध्येही कळवता येतं. ते काम गटातल्या एका मुलीवर सोपवा. ही यादी पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच तयार झाली पाहिजे.