वालाच्या मुळांवरील गाठी व जमिनीची ऊब

पेण तालुक्यातील जिते परिसर हा भातशेतीचा मुलूख होय. भातकापणीनंतर खाचरातील ओलीवर वाल घेण्याची रीत रायगड जिल्ह्यात जुनी आहे. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. मात्र ते सजीव असल्यामुळे त्यांना ओल व माफक ऊब लागते. साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअस तपमानात त्यांचे कार्य उत्तम चालते. माती ४० अंशांपर्यंत तापली अथवा सुकली, की गाठी कमी धरतात व नत्राचा पुरवठा खुंटतो. कापणीनंतर उघडे पडलेले खाचर उन्हाने लवकर तापते. म्हणून ओल उडण्यापूर्वीच पेरणी उरकावी.

जिवाणू संवर्धनाची पाकिटेही उन्हात ठेवू नयेत. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. सोयाबीनचे जिवाणू निराळे असल्याने त्यांचे संवर्धन वालास वापरू नये.

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मातीसह खणून गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी रंग असल्यास जिवाणू कामास लागले असे समजावे; पांढुरकी वा हिरवट गाठ पिकास नत्र देत नाही.