उन्हाळी कंद : पाकिटावरचा उन्हाळा आणि खान्देशातला

होळी झाली की रोपवाटिकांमध्ये रंगीत पाकिटे टांगलेली दिसू लागतात. 'उन्हाळ्यात फुलणारे कंद' असे वर ठळक छापलेले असते आणि खाली डेलिया, ग्लॅडिओलस, एशियाटिक लिलीची चित्रे. त्यातच हल्ली जुन्या राजेशाही बागांचे वेड आले आहे. कुणी ताजमहालाच्या भिंतीवरची फुले अंगणात हवी म्हणतो, तर कुणी श्रीनगरच्या ट्यूलिपचा फोटो दाखवून 'असे काही मिळेल का?' असे विचारतो. जळगाव-धुळ्याकडची हौशी मंडळी हे कंद एप्रिलमध्ये लावतात आणि मे महिन्यात कुंडी उकरून पाहिली तर आत लगदा निघतो. मग 'आपल्या हाताला फूल लागत नाही' अशी समजूत करून घेतली जाते. हाताचा त्यात काहीच दोष नसतो. दोष असतो तो ऐकीव माहितीचा.

'पाकिटावर उन्हाळी लिहिले आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात फुलणार'

ही पाकिटे हॉलंड-इंग्लंडच्या पंचांगावर छापलेली असतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे वीस-पंचवीस अंशांची ऊब आणि लांबलचक दिवस. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारे हवामान फक्त थंडीत मिळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा डेलियाने जगावे ही अपेक्षाच चुकीची. ग्लॅडिओलसही इथे हिवाळ्याचेच फूल आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंद लावावेत, दोन-अडीच महिन्यांत दांडे येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश', 'फुले तेजस' या जाती याच हवेसाठी निवडलेल्या आहेत.

खरे तर खान्देशाला हे शिकवायची गरज नाही. रावेर-यावलचा केळीवाला कंद घेण्याआधी मृगबाग लावायची की कांदेबाग ते ठरवतो. जून-जुलैत लावलेला कंद आणि ऑक्टोबरमध्ये लावलेला कंद, वाण एकच असले तरी पीक वेगळे, पाण्याचा हिशेब वेगळा, बाजारही वेगळा. तोच माणूस फुलांच्या दुकानात गेला की महिना विचारायचे विसरतो आणि चित्र बघून पैसे देतो.

'ऐतिहासिक बाग म्हणजे ट्यूलिप'

हा गैरसमज सर्वांत चिवट, कारण त्याला इतिहासाचा आधार असल्यासारखा वाटतो. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तिथली फुले पाहून हरखला आणि चित्रकार मन्सूरकडून त्याने शंभरावर फुलांची चित्रे काढून घेतली. मन्सूरचे लाल ट्यूलिप आजही पुस्तकांत छापले जाते. ताजमहालाच्या संगमरवरातही ट्यूलिप, आयरिस, लिलीसारखी फुले कोरलेली आहेत. पण काश्मीरचा वसंत हा डोंगरातला, बर्फ वितळल्यावरचा वसंत. आणि ताजमहालावरच्या फुलांवर युरोपातून आलेल्या वनस्पतिग्रंथांतील छापील चित्रांची छाप आहे. त्यांतल्या कित्येकांना कोणत्याही एका खऱ्या झाडाचे नाव देता येत नाही. ती शोभेची नक्षी आहे. माळ्याने तिच्यावरून लागवडीची यादी करू नये.

ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यासाठी साधारण बारा ते चौदा आठवडे नऊ अंशांखालची थंडी लागते. धुळ्यात जानेवारीतल्या काही रात्री हुडहुडी भरते खरी, पण दुपारी ऊन परत येतेच. दिल्लीत राष्ट्रपती भवनातल्या बागेत जे ट्यूलिप दिसतात ते परदेशातून, शीतगृहात थंडी भोगून आलेले असतात. फेब्रुवारीत फुलतात आणि उन्हे तापायच्या आत संपतात. पुढच्या वर्षी नवे कंद मागवावे लागतात. सरकारी बागेला ते परवडते.

मुघल बाग कशी होती ते पाहायला खान्देशाने आग्र्याकडे बघायचे कारणच नाही. फारुकी सुलतानांची आणि नंतर खान्देश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून तासाभराच्या आत पोचता येते. अकबराच्या आणि जहांगीरच्या काळातला सरदार अब्दुर्रहीम खानखाना याचा तिथल्या बागांशी आणि पाण्याशी जवळचा संबंध. रेल्वे स्टेशनाजवळच्या लालबाग भागात त्याच्या बागेचे नाव अजून टिकून आहे. १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा तिथून जवळच. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी एका ओळीत खणलेल्या विहिरींमधून, जमिनीखालच्या बोगद्याने, उताराने शहराकडे आणलेले. वर ऊन रणरणत असते आणि खाली उतरले की गार पाणी वाहताना दिसते. बागेची खरी गुंतवणूक ती होती.

तापीपलीकडे जैनाबादला आहूखान्याची बाग. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली आणि तिला आधी याच बागेत पुरले. त्या वर्षाअखेरीस तिचे शव आग्र्याला नेले. म्हणजे जिच्या कबरीवर पुढे ट्यूलिप कोरले गेले, ती खान्देशच्या ऐन उन्हाळ्याच्या शेवटी गेली. त्या दिवसांत तापीकाठी ट्यूलिप फुलले असण्याचा प्रश्नच नाही. याच बागेत पुढे तरुण औरंगजेब हिराबाई जैनाबादी या गायिकेवर भाळला अशी कथा 'मआसिर-उल-उमरा' या चरित्रग्रंथात आहे आणि त्या कथेत ती उडी मारून काय तोडते, तर आंबा. फुलाचा पत्ताच नाही! मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. इथल्या जुन्या बागा पाणी, सावली, फळझाडे आणि संध्याकाळचा सुवास यांवर उभ्या होत्या. दिवसभर कुणी बाहेर बसतच नसे. त्या बागांवरून काही उचलायचेच असेल, तर अंधार पडल्यावर दरवळणारे, कमी पाण्यावर तग धरणारे कंद निवडावेत.

'निशिगंध आणि कर्दळ तर आपलीच, प्राचीन'

दोन्ही अमेरिकेतून आलेली. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, कर्दळ तिथल्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. कोलंबसानंतर जहाजांतून ती जगभर गेली. कर्दळीची मोठ्या फुलांची संकरित रूपे तर १९ व्या शतकात फ्रान्समध्ये तयार झाली, तेओदोर आने आणि नंतर लिऑनचा क्रोझी यांच्या हातून. तिथून ती साहेबांच्या बंगल्यांत आणि रेल्वे स्टेशनांच्या वाफ्यांत आली. पण म्हणून ती परकी ठरत नाहीत. सत्यनारायणाला केळीचे खांब मिळाले नाहीत की कर्दळ उभी राहते, एवढी ती घरची झाली आहे.

निशिगंधाबाबत मुहूर्त सांभाळावा. लागवड एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे. कंद हातात घेऊन बघावा: दोन-तीन सेंटिमीटर जाड, दाबल्यावर टणक, तळाची चकती कोरडी आणि अखंड. तिथे बुरशीचा पांढरा थर किंवा मऊपणा असेल तर तो बाजूला काढावा. नुकताच उपटलेला कंद लगेच लावू नये, त्याला महिनाभर सावलीत विश्रांती द्यावी. एकेरी फुलांच्या जातींना सुवास जास्त. राहुरीची 'फुले रजनी' आणि बंगळूरच्या संस्थेच्या 'शृंगार', 'प्रज्वल' या त्यांतल्या. दुहेरी फुले गुच्छात देखणी दिसतात, पण वास बेताचा. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: आखाजीला लावलेला निशिगंध त्याच उन्हाळ्यात फुलत नाही, त्याला तीनेक महिने लागतात. उन्हाळ्यात फुले हवी असतील तर गेल्या वर्षीचा खोडवा राखून त्याला पाणी द्यावे. दोन-तीन वर्षे तो चालतो.

कर्दळीला मात्र पाणी लागते आणि खान्देशात पाणी जपून वापरावे लागते. त्यावर जुन्या घरांनी काढलेला तोडगा अजूनही उत्तम आहे. मोरीचे सांडपाणी जिथे बाहेर पडते तिथेच कर्दळ लावायची. दलदल तिला आवडते, पाणी मुरते, डबके साचत नाही आणि मे महिन्यातही लाल-पिवळी फुले येतात.

'४५ अंशांत कंदाला फूल येतच नाही'

येते, आणि तेही न मागता. महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवरचा रानकांदा एप्रिल-मेमध्ये, अंगावर एकही पान नसताना, सरळ जमिनीतून फुलांचा दांडा काढतो. पाने पावसानंतर. कंद ही मुळात कोरड्या दिवसांसाठी झाडाने केलेली बेगमी असते, आणि खान्देशाइतके कोरडे दिवस कुठे मिळणार?

बागेतले पर्याय महिन्यांप्रमाणे सांगता येतात. मार्च-एप्रिलला लाल, पांढऱ्या पट्ट्यांची मोठी लिली, जिला सगळे ॲमरिलिस म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ती हिप्पिॲस्ट्रम, दक्षिण अमेरिकेची; तिचा पहिला संकर १७९९ मध्ये इंग्लंडातल्या जॉन्सन नावाच्या घड्याळजीने केला. मे महिन्यात फुटबॉल लिली, म्हणजे आफ्रिकेतून आलेला तांबडा गोंडा, जो वर्षातून एकदाच वर येतो. रोहिण्यांच्या सुमारास नागदवणा आणि स्पायडर लिली, दोन्हींची फुले पांढरी आणि सुवास रात्रीचा. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की रेन लिली. ती लावलेली आहे हेही तोवर विसरायला होते. जुन्या बागेचा भास हवा असेल तर माझ्या मते निशिगंध, नागदवणा आणि कडेला रेन लिली एवढेच पुरे.

'कंद उन्हाने मरतात, म्हणून रोज दोनदा पाणी'

उन्हाने मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त कंद पाण्याने कुजतात. आपली काळी माती भिजली की फुगते, पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. झोपलेल्या कंदाभोवती ती चिखल करून ठेवते. फुटबॉल लिली नोव्हेंबर ते मार्च झोपलेली असते. तेव्हा तिला पाणी देणे म्हणजे तिला कुजवणे. इलाज सोपा आहे: जमिनीपासून वीत-दीड वीत उंच गादीवाफा, मातीत भरपूर शेणखत आणि मुरूम, आणि पाणी सकाळी लवकर, माती वरून कोरडी दिसल्यावरच. 'कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा' हा नियमही सरसकट पाळू नये. हिप्पिॲस्ट्रमची मान मातीबाहेर राहिली पाहिजे, निशिगंध चार-पाच सेंटिमीटर खोल पुरतो.

ऊन अंगावर येते ते पश्चिमेकडून, गरम वाऱ्यासकट. केळीवाले पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची ओळ लावतात, ती उगाच नाही. अंगणात तेच काम भिंत, निंबाची सावली किंवा हिरवी जाळी करते. लिलीला पूर्वेचे ऊन भरपूर मिळू द्यावे. दुपारी उघड्यावर राहिली तर आठवडाभर टिकणारे फूल दोन दिवसांत कोमेजते.

फूल गेल्यावर पाने कापून जागा साफ करण्याची सवयही घातक आहे. पुढच्या वर्षीचे फूल त्याच पानांच्या जोरावर कंदात भरते, त्यामुळे ती आपोआप पिवळी पडेपर्यंत राहू द्यावीत.

'रानातला कंद फुकटचा, शिवाय औषधी'

पाटणादेवीच्या किंवा सातपुड्याच्या रानात पावसाळ्यात कळलावी पाहिली की कुणालाही ती घरी आणावीशी वाटते. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो. तिथून कंद खणणे हा गुन्हा आहे. सफेद मुसळीची रानातली गत काय झाली ते सातपुड्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कळलावी हवीच असेल तर रोपवाटिकेतून घ्यावी आणि तिच्यापासून जपून राहावे: तिच्या कंदात कोल्चिसिन असते, थोडासा पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. रानकांदा हृदयावर परिणाम करतो. नागदवणा आणि हिप्पिॲस्ट्रमचे कंद खाल्ले तर उलट्या होतात. यातले बरेच कंद सोलल्यावर घरातल्या कांद्यासारखेच दिसतात. तेव्हा पावसाळ्यापूर्वी वाफ्यातून काढलेले जास्तीचे कंद जाळीच्या पिशवीत, नावाची चिठ्ठी बांधून, स्वयंपाकघरापासून लांब, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या खोलीत टांगून ठेवावेत.