ब्रशचे केस कुणाचे?

दाढीचा ब्रश ही घरातली अशी वस्तू आहे की, तिच्याविषयी कुणी कुणाला काही शिकवत नाही. वस्तरा कसा धरावा हे वडीलधारे सांगतात, साबण कोणता घ्यावा हे जाहिराती सांगतात. ब्रश मात्र पाण्यात बुडवायचा आणि गालावर घासायचा, एवढेच आपण जाणतो. म्हणून आज थोडे ब्रशविषयी बोलू. सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. आपल्या ब्रशचे केस कुणाचे आहेत?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. मी शाळकरी होतो, आम्ही तेव्हा शहाद्याला राहत होतो. अब्बा दाढी राखत. दाढी राखणाऱ्याला ब्रश कशाला, असे कुणाला वाटेल. पण गालावरचे आणि गळ्यावरचे केस काढून दाढीची कड नीट ठेवावी लागते. आमच्याकडे त्याला खत काढणे म्हणतात. त्यासाठी अब्बांनी बाजारातून नवा ब्रश आणला. मुठीवर इंग्रजीत ‘प्युअर ब्रिसल’ असे छापलेले होते. मी नुकताच इंग्रजी शिकू लागलो होतो, म्हणून त्यांनी मला शब्दकोश उघडायला लावला. अर्थ निघाला : राठ केस, विशेषतः डुकराचा. अब्बा काही बोलले नाहीत. ब्रश कोराच होता. त्यांनी तो शेजारच्या गुजर भाऊंना दिला आणि दुसऱ्या दिवशी नायलॉनचा आणला.

मी मौलवी नाही, त्यामुळे फतवा देणे माझे काम नव्हे. पण हा प्रश्न आजचा नाही. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात चामडे शिवण्यासाठी हा केस वापरण्याची मुभा गरज म्हणून दिली आहे, त्याच्या विक्रीला मात्र परवानगी नाही. मोच्याच्या दोऱ्याला हा केस जोडला की तो सुईचे काम करी आणि त्याला पर्याय नव्हता. दाढीच्या ब्रशला आज पर्याय आहेत. पूर्वी ते फारसे नव्हते. दात घासायचे ब्रशसुद्धा बहुतेक डुकराच्या केसांचेच असत. नायलॉनचा टूथब्रश बाजारात आला १९३८ साली.

अब्बांची गोष्ट आमच्या नाभिक आप्पांच्या कानावर गेली. आप्पा धोकटी घेऊन घरोघर फिरत. पुढच्या वेळी ते आले तेव्हा धोकटीत फडक्यात गुंडाळलेला वेगळा ब्रश होता, नायलॉनचा. आमच्या मोहल्ल्यात शिरले की तोच बाहेर निघे. त्यांनी त्याचा कधी उच्चार केला नाही आणि आमच्याकडूनही कुणी विषय काढला नाही. मात्र त्या ब्रशवर त्यांचा राग होता. तो पाणी धरत नाही, ही त्यांची तक्रार. जुन्या ब्रशविषयी ते म्हणत, “त्याले आधी पानी पिऊ दे भाऊ, मंग दाढी कर.”

आप्पांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जनावराचा केस पाणी शोषून घेतो, त्याने तो मऊ होतो आणि थोडा फुगतो. नायलॉनचा धागा जवळजवळ काहीच शोषत नाही. त्याच्यात जे पाणी राहते ते धाग्यांच्या मधल्या फटींत. म्हणून केस कुणाचे हे एकदा कळले की ब्रश कसा तयार करायचा तेही कळते.

डुकराच्या केसांचा ब्रश सर्वांत तहानलेला. कोमट पाण्याच्या पेल्यात तीन ते पाच मिनिटे उभा ठेवावा. तेवढ्यात आपली आंघोळ होते. पाणी केसांपुरतेच असावे. केस जिथे मुठीत चिकटवलेले असतात ती गाठ बुडू देऊ नये, नाहीतर डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. उकळते पाणी तर मुळीच नको. असा ब्रश नवा असताना टोचतो, वासही मारतो. साबण लावून धुवावा, फेस करून रात्रभर तसाच ठेवावा, सकाळी स्वच्छ करावा. काही आठवड्यांच्या वापराने केसांची टोके फाटून दुभंगतात आणि मग तो गालाला मऊ लागतो. म्हणजे हा ब्रश जुना होत होत चांगला होतो. (कवींविषयीही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते.)

घोड्याच्या केसांना त्याहून कमी वेळ लागतो. तुर्कस्तानात आणि स्पेनमध्ये असे ब्रश आजही वापरात आहेत. दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या शेपट्या विंचरताना मी पाहतो, तेव्हा मनात येते की, जनावराला इजा न करता मिळणारा हा केस आपल्याकडे ब्रशसाठी कुणी का वापरत नसावे! युरोपातला महाग ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. तो पाणी उत्तम धरतो, पण त्यासाठी प्राणी मारावा लागतो. नायलॉनच्या ब्रशला भिजत घालण्याची गरज नाही. बुडवावा, दोन-तीन झटके द्यावेत, कामाला लावावा. हल्लीचे कृत्रिम धागे आप्पांच्या काळापेक्षा कितीतरी मऊ झाले आहेत.

शंका असेल तर गळालेला एक धागा काडीवर धरून जाळावा. केस असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. मात्र केस कोणत्या जनावराचा, हे या परीक्षेत कळत नाही. ते दुकानदाराला विचारावे, आणि विचारायला संकोच करू नये.

भिजलेला ब्रश थोडा झटकून साबणाच्या गोळीवर अर्धा मिनिट फिरवावा. आधी दाट लेप तयार होतो. मग थेंबथेंब पाणी घालत गालावर गोल फिरवले की फेस येतो. मोठे बुडबुडे आले तर पाणी जास्त झाले, लगेच सुकला तर कमी पडले. ब्रश दाबून रगडू नये, केस मधूनच तुटतात. आमच्या बोअरच्या पाण्याला फेसच येत नाही, अशी तक्रार आपल्या भागात पुष्कळांची असते. त्यात ब्रशचा दोष नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात. पावसाचे पाणी एक पेलाभर वापरून पाहा, फरक लगेच दिसेल. दाढीच्या केसालाही हेच पाणी हवे असते. दोन-तीन मिनिटे भिजलेला केस पाते सहज कापते, कोरड्याला ओढते.

आता दुकानातल्या ब्रशविषयी. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीनंतर माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर काळे फोड येऊ लागले, काही दगावले. तो ॲन्थ्रॅक्स होता, गुरांना होणारी आपल्याकडची फाशी. युद्धामुळे नेहमीचा माल बंद झाला होता आणि आशियातून आलेला घोड्याचा केस निर्जंतुक न करताच ब्रशात बसवला जात होता. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. आज ती भीती उरलेली नाही, पण एक सवय लावून घ्यायला हवी. एड्सच्या प्रचारानंतर आपण सलूनमध्ये नवे ब्लेड आहे का ते बघू लागलो. ब्रश मात्र तोच सर्वांच्या गालांवरून फिरत असतो. पुरळ, नायटा, रक्ताळलेली पुटकुळी यांच्यावरूनही. आपला ब्रश आपण घेऊन जावा. एकही कारागीर त्याला नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

काम झाल्यावर ब्रश स्वच्छ धुवावा, केस न ओढता हलके पिळावेत, झटकावेत आणि हवेशीर जागी ठेवावा. ओला ब्रश डबीत कोंडला की बुरशी धरतो. माझा एक मित्र नोकरीनिमित्त काही वर्षे तोरणमाळला होता. पावसाळ्यात तिथे धुके दिवसदिवस घरातून हलत नाही आणि सकाळी धुतलेला ब्रश दुसऱ्या सकाळीही ओलाच असतो. त्याने दोन ब्रश ठेवले होते, एक दिवसाआड वापरायचा आणि दुसरा तोवर चुलीपासून हातभर लांब खिळ्याला टांगायचा.