सामाईक किल्ली

आपल्या वाडवडिलांच्या पेढीत तिजोरीची किल्ली एकाच्याच कमरेला असे. कीर्द दिवाणजी लिहीत. घरच्या मंडळींना ती केवळ पाहण्याची मोकळीक असे. पाहणे आणि लिहिणे यांतील हा भेद सर्वांस ठाऊक होता. आज आपला व्यवहार संगणकावर गेला. परंतु ज्या यंत्रांतून तो वाहतो, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? मी तरी पाहिले नव्हते.

एका सकाळी आमच्या दुकानाचा गुदामाशी असलेला संगणकीय संबंध अकस्मात तुटला. गव्हाचे ट्रक दारात उभे, हमाल बसून, आणि बिल निघेना. मी रागाच्या भरात तीस वर्षांच्या जुन्या दिवाणजींना सर्वांदेखत नको ते बोललो. दुपारी तंत्रज्ञाने तपासले, तेव्हा गुदामाकडे जाणारी स्विचवरील वाट कोणीतरी आज्ञा देऊन बंद केल्याचे आढळले. सायंकाळी कामावर नवीन आलेल्या एका शिकाऊ मुलाने कुतूहलापोटी केलेला तो प्रयोग स्वतःहून कबूल केला.

हे त्याला शक्य कसे झाले? राउटर, स्विच, प्रिंटर अशा यंत्रांची दुरून विचारपूस करण्यासाठी 'एसएनएमपी' नावाची पद्धत आहे. १९९० साली निश्चित झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत 'कम्युनिटी', म्हणजे समुदाय, ही कल्पना आहे. प्रत्येक समुदायास एक सांकेतिक शब्द असतो. एका शब्दाने यंत्राची माहिती केवळ वाचता येते. दुसऱ्याने त्यात फेरबदलही करता येतो. पुष्कळ यंत्रांत हे शब्द आरंभी 'पब्लिक' व 'प्रायव्हेट' असेच ठेवलेले असत, आणि ते जगजाहीर आहेत. आमच्या स्विचवर ते कोणी बदललेच नव्हते! शिवाय हा शब्द तारेवरून उघडाच जातो. पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे वाटेत कोणीही तो वाचावा.

याहून मोठा दोष असा की, शब्द सर्वांचा एकच असल्याने आत कोण आले, हे यंत्रास कळत नाही. म्हणूनच माझा संशय एका निरपराध माणसावर गेला.

उपाय अवघड नाहीत. ही सोय लागत नसेल, तर ती बंदच करावी. लागत असेल, तर मूळचे शब्द बदलावेत. शक्य तेथे केवळ वाचण्याचीच परवानगी ठेवावी. देखरेखीच्या ठरावीक संगणकावाचून इतरांचे प्रश्न यंत्राने स्वीकारू नयेत, अशी यादी त्यात घालावी. आणि १६१ क्रमांकाचे द्वार बाहेरील इंटरनेटसाठी बंद ठेवावे. २००२ साली पूर्ण मानक ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र नाव व गुप्त किल्ली देता येते, आणि मजकूरही सांकेतिक रूपात पाठविता येतो. यंत्र ती चालवीत असेल, तर तीच पत्करावी.

आम्ही हे सर्व केले. त्यापूर्वी, ज्यांच्यासमोर दिवाणजींचा अपमान झाला होता, त्या सर्वांसमोर मी त्यांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, "शेटजी, किल्ली सगळ्यांची असली, की संशयही सगळ्यांवर येतो."

सभासद बंधूंनी आपल्या तंत्रज्ञास बोलावून आजच विचारावे : आमच्या यंत्रांचे शब्द कोणते, आणि ते कोणाकोणास ठाऊक आहेत?